फॉर्म ५६९५ : घराच्या फटी बुजवण्यासाठी दिलेल्या एका करसवलतीचा इतिहास

इंग्लंडमध्ये १६९६ साली खिडक्यांवर कर बसला. जितक्या खिडक्या अधिक, तितका कर अधिक. लोकांनी त्यावर साधा उपाय शोधला : खिडक्या विटांनी चिणून टाकल्या. हा कर १८५१ मध्ये रद्द झाला, तरी चिणलेल्या खिडक्यांची जुनी घरे तेथे आजही दिसतात. राज्यसंस्था कराच्या मार्गाने माणसाच्या भिंतीपर्यंत कशी पोहोचते, याचे हे नेहमी सांगितले जाणारे उदाहरण.

त्याच्या नेमका उलट प्रयोग सुमारे पावणेतीनशे वर्षांनी अमेरिकेत झाला. तेथे सरकारने नागरिकांना सांगितले, की घराच्या फटी बुजवा, पोटमाळ्यावर उष्णतारोधक थर अंथरा, खिडक्यांना दुहेरी तावदाने लावा. त्या खर्चाचा काही भाग तुमच्या आयकरातून वजा होईल. या सवलतीसाठी आयकर खात्याने जो अर्ज काढला, त्याचा क्रमांक ५६९५. पुढे सवलत मेली, पुन्हा जन्मली, लंगडली, धावली आणि पुन्हा संपवली गेली. अर्जाचा क्रमांक मात्र तोच राहिला.

प्रारंभ तेलापासून होतो. ऑक्टोबर १९७३ मध्ये इजिप्त आणि सीरिया यांचे इस्रायलशी युद्ध पेटले. अमेरिकेने इस्रायलला शस्त्रे पुरवली म्हणून अरब तेलउत्पादक देशांनी तिचा तेलपुरवठा रोखला. पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला भाव काही महिन्यांत १२ डॉलरच्या आसपास गेला. पेट्रोलपंपांवरच्या रांगांची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. छायाचित्रात न येणारी गोष्ट अशी, की अमेरिकेतील लक्षावधी घरे हिवाळ्यात याच खनिज तेलावर किंवा नैसर्गिक वायूवर तापवली जात, आणि स्वस्त इंधनाच्या काळात बांधलेल्या त्या घरांतून ती उष्णता भिंती, छप्पर आणि फटींवाटे बाहेर निघून जाई. इंधन स्वस्त असताना ते कोणाला खुपले नव्हते.

राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी जानेवारी १९७५ मध्ये काँग्रेससमोरील भाषणात, घराला उष्णतारोधक थर बसवणाऱ्याला १५० डॉलरपर्यंत करसवलत द्यावी, अशी सूचना केली. ती मागे पडली. पुढच्या वर्षी मात्र फोर्ड यांच्याच सहीने दुसरी एक योजना सुरू झाली : अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांची घरे सरकारी निधीतून थंडीस तोंड देण्याजोगी करून देण्याची. म्हणजे एकाच प्रश्नाला दोन मार्ग त्या वेळी समोर होते. सरकारने स्वतः कारागीर पाठवून घर दुरुस्त करून द्यावे, किंवा घरमालकाने आधी खर्च करावा आणि कर भरताना तो अंशतः वसूल करावा. या दोन मार्गांतला फरक पुढे फार महत्त्वाचा ठरणार होता.

१९७६-७७ चा हिवाळा भयंकर होता. जानेवारीअखेर बफेलो शहर हिमवादळात गाडले गेले. नैसर्गिक वायूची टंचाई इतकी झाली, की अनेक राज्यांत कारखाने आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. टंचाईचे एक कारण निसर्गात नव्हते, कायद्यात होते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या वायूचा दर सरकारने फार खाली बांधून ठेवला होता, त्यामुळे उत्पादक आपल्याच राज्यात वायू विकणे पसंत करीत.

अशा वेळी जिमी कार्टर सत्तेवर आले. शपथविधीला दोन आठवडेही झाले नव्हते, तोच २ फेब्रुवारी १९७७ रोजी ते व्हाइट हाउसच्या ग्रंथालयात शेकोटीजवळ बसून दूरचित्रवाणीवर देशाशी बोलले. अंगात सूट नव्हता. लोकरी स्वेटर होता. दिवसा घराचे तापमान ६५ अंश फॅरनहाइट आणि रात्री ५५ ठेवा, असे त्यांनी सांगितले. म्हणजे साधारण १८ आणि १३ अंश सेल्सिअस. त्या स्वेटरची पुढे पुष्कळ थट्टा झाली. ‘थंडीत कुडकुडा’ असा उपदेश करणारा अध्यक्ष, अशी प्रतिमा त्यांना चिकटली ती कायमची. प्रत्यक्षात त्यांच्या योजनेचा गाभा कुडकुडण्याचा नव्हताच. तेवढ्याच उबेसाठी कमी इंधन लागावे, असा होता.

१८ एप्रिलला कार्टर यांनी ऊर्जेच्या प्रश्नाला युद्धाच्या तोडीचे नैतिक आव्हान म्हटले. (मूळ शब्दप्रयोग तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांचा. विरोधकांनी त्यातील इंग्रजी आद्याक्षरे जोडून ‘म्याऊ’ असा शब्द बनवला आणि आठवडाभर मजा केली.) १९८५ पर्यंतची जी उद्दिष्टे त्यांनी जाहीर केली, त्यांत दोन घरांविषयी होती : देशातील ९० टक्के घरे उष्णतारोधक करायची आणि २५ लाखांहून अधिक घरांत सौरऊर्जा वापरात आणायची. दोन दिवसांनी, २० एप्रिल १९७७ ला, सविस्तर योजना काँग्रेसपुढे गेली. ही तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कार्टर यांच्या मूळ योजनेत गोड आणि कडू दोन्ही होते. गोड म्हणजे करसवलती. कडू म्हणजे देशी खनिज तेलावर नवा कर, आणि पेट्रोलचा खप ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यास पेट्रोलवरही वाढता कर. इंधन महाग वाटले तरच लोक फटी बुजवतील आणि सवलत त्यांना त्यासाठी हात देईल, असा हिशोब होता. कनिष्ठ सभागृहात सभापती टिप ओनील यांनी खास समिती नेमून योजना ऑगस्टपर्यंत मंजूर करून घेतली. पेट्रोलवरील कर मात्र तेथेच गळाला. सिनेटमध्ये गाठ होती अर्थसमितीचे अध्यक्ष रसेल लाँग यांच्याशी. ते लुइझियानाचे, म्हणजे तेल आणि वायूच्या राज्याचे. तेलावरील कर तेथे बारगळला. दीड वर्षाच्या ओढाताणीनंतर ९ नोव्हेंबर १९७८ रोजी कार्टर यांनी पाच कायद्यांच्या गठ्ठ्यावर सही केली. त्यांतील एक ‘एनर्जी टॅक्स अ‍ॅक्ट’. कडू औषधातला मोठा भाग काँग्रेसने ओतून दिला होता आणि साखर ठेवली होती. या सवलतीच्या पुढील सगळ्या दुखण्यांचे मूळ येथेच आहे, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

आता सवलतीचे स्वरूप. भारतीय करदात्याला ‘८०सी’ची वजावट परिचित आहे, ती करपात्र उत्पन्नातून होते, आणि तिचा लाभ आपण कराच्या कोणत्या टप्प्यात आहोत यावर ठरतो. अमेरिकेतील ही सवलत तशी नव्हती. ती थेट देय करातून वजा होत असे. पहिल्या २००० डॉलर खर्चाच्या १५ टक्के, म्हणजे अधिकात अधिक ३०० डॉलर. सवलत १० डॉलरपेक्षा कमी होत असेल, तर अर्जच करायचा नाही. सौर उपकरणांसाठी वेगळी आणि उदार तरतूद होती : पहिल्या २००० डॉलरवर ३० टक्के, पुढील ८००० डॉलरवर २० टक्के. १९८० मध्ये ती वाढवून १०,००० डॉलरपर्यंतच्या खर्चाच्या ४० टक्के करण्यात आली.

काय चालेल आणि काय नाही, याची यादी वाचनीय आहे. उष्णतारोधक थर, दुहेरी तावदाने, फटींत भरायची लांबी, दारांच्या कडांना लावायच्या पट्ट्या, भट्टीचा नवा बर्नर, ठरल्या वेळी तापमान आपोआप कमी करणारा थर्मोस्टॅट, हे चालत असे. गालिचे, जाड पडदे आणि भिंतीवरचे लाकडी तक्ते चालत नसत. थंडी तेही अडवतात. पण ती घराची सजावटही आहे, आणि सजावटीचे पैसे सरकारने का द्यावेत, असा हा विचार. हीट पंपही यादीत नव्हता. बाहेरच्या हवेतील उष्णता घरात आणणारे हे यंत्र त्या वेळी सवलतीस अपात्र ठरले. ४४ वर्षांनंतर त्याच अर्जावर सर्वांत मोठी सवलत त्यालाच मिळणार होती.

आणि ती तारीख. कायदा झाला नोव्हेंबर १९७८ मध्ये. सवलत मात्र २० एप्रिल १९७७ पासून केलेल्या खर्चाला लागू झाली. यामागे व्यवहारज्ञान होते. ‘लवकरच सवलत येत आहे’ असे जाहीर केले, की शहाणा माणूस काम पुढे ढकलतो. काँग्रेसची चर्चा दीड वर्ष चालली. तेवढा काळ सारा देश कारागिराला थांबवून बसला असता. घोषणेच्याच दिवसापासूनचा खर्च मान्य होणार, हे आधीच सांगितले गेल्यामुळे थांबण्याचे कारण उरले नाही. दोन्ही वर्षांचा खर्च १९७८ च्या विवरणपत्रात मागता आला, आणि फॉर्म ५६९५ जन्मला.

येथे एका माणसाचे नाव घ्यायला हवे. स्टॅन्ली सरी हे करकायद्याचे प्राध्यापक आणि अमेरिकेच्या कोषागारातील अधिकारी. ‘कर-खर्च’ ही संकल्पना त्यांनी १९६७ मध्ये मांडली. त्यांचे म्हणणे असे, की सरकारने एखाद्याला ३०० डॉलर दिले काय किंवा त्याच्याकडून घ्यायचे ३०० डॉलर सोडले काय, तिजोरीच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. फरक इतकाच, की पहिला खर्च अंदाजपत्रकात दिसतो आणि दुसरा दिसत नाही. राजकारण्यांना दुसरा का आवडतो, हे यातून समजते.

कर-खर्चाची दुसरी अडचण अशी, की जो कर भरतो त्यालाच तो मिळतो. फॉर्म ५६९५ वरची सवलत देय करापुरतीच मर्यादित होती. उरलेली पुढच्या वर्षी नेता येई, पण हातात रोख मिळत नसे. ज्या वृद्धेच्या खिडकीतून वारा आत येतो आणि जिचे उत्पन्न करपात्रच नाही, तिला या अर्जाचा उपयोग शून्य. भाडेकरूला कायद्याने मनाई नव्हती. पण दुसऱ्याच्या मालकीच्या पोटमाळ्यावर स्वतःचे पैसे कोण अंथरणार?

तरीही लोक तुटून पडले. १९७८ ते १९८५ या आठ वर्षांत सुमारे ३ कोटी दावे झाले आणि जवळपास ५ अब्ज डॉलरचा कर सोडला गेला. मात्र यांतील किती फटी सवलतीमुळे बुजल्या आणि किती एरवीही बुजल्या असत्या? १९७९ मध्ये इराणची क्रांती झाली आणि तेलाचा भाव दुपटीहून अधिक झाला. बिल पाहून घाबरलेला माणूस सवलत नसती तरी ग्लासवूलच्या गुंडाळ्या घेऊन आलाच असता. १९८४ च्या एका पाहणीत सवलत घेतलेल्या बहुसंख्य लोकांनी तसे सांगितलेही. उलट अर्थतज्ज्ञ केविन हॅसेट आणि गिल्बर्ट मेटकाफ यांनी १९९५ मध्ये करदात्यांच्या विवरणपत्रांचा वर्षानुवर्षांचा माग काढून दाखवले, की सवलतीने अशा खर्चाची शक्यता निश्चितपणे वाढत होती. त्यांचा पुरावा अधिक भक्कम आहे. कारण आपण एखादी गोष्ट का केली, हे सांगताना माणसे स्वतःला नेहमीच थोडे अधिक शहाणे समजतात.

घाईची एक बाजू काळी होती. जुन्या घरांच्या पोकळ भिंतींत नळीने फेस भरण्याची पद्धत त्या दशकात फोफावली. युरिया-फॉर्माल्डिहाइडचा हा फेस भिंत न फोडता आत पसरे आणि घट्ट होई. अमेरिकेत सुमारे ५ लाख घरांत तो भरला गेला. नंतर काही घरांतील माणसांचे डोळे चुरचुरू लागले, श्वासाचा त्रास होऊ लागला. फेसातून फॉर्माल्डिहाइडचा वायू सुटत होता. कॅनडाची अवस्था अधिक अवघड झाली. तेथे सरकारी अनुदानाच्या योजनेतूनच हा फेस घरांत गेला होता, आणि डिसेंबर १९८० मध्ये त्याच सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. अमेरिकेने १९८२ मध्ये बंदी घातली. पुरावा अपुरा म्हणून न्यायालयाने पुढच्याच वर्षी ती उठवली. पण तोवर अशा घरांना गिऱ्हाईक मिळेनासे झाले होते.

याच काळात एक दृश्य उभे राहिले, जे पाठ्यपुस्तकांत शिरले. २० जून १९७९ रोजी कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणाऱ्या ३२ सौर पट्ट्यांचे उद्घाटन केले. इसवी सन २००० पर्यंत देशाची २० टक्के ऊर्जा सूर्यापासून मिळावी, असे उद्दिष्ट त्यांनी सांगितले. आणि एक विलक्षण गोष्ट बोलले : एका पिढीनंतर ही उपकरणे संग्रहालयातील कुतूहलाची वस्तू, न घेतलेल्या वाटेची खूण ठरू शकतील, किंवा एका मोठ्या साहसाचा छोटा भाग. स्वतःच्याच उद्घाटनात अपयशाची शक्यता मांडणारा राजकारणी विरळा.

सवलतीचा अंतिम दिवस कायद्यातच लिहिलेला होता : ३१ डिसेंबर १९८५. तोवर रोनाल्ड रेगन यांची दुसरी कारकीर्द सुरू होती आणि तेल स्वस्त होऊ लागले होते. घरांसाठीची सवलत कोणी वाढवली नाही. १९८६ च्या आरंभीच तेलाचा भाव कोसळला. दोन्ही घाव एकदम बसले. चाळीस टक्के सवलतीच्या आधाराने उभा राहिलेला सौर जलतापकांचा धंदा पाहता पाहता आडवा झाला. त्या धंद्यात चांगले कारागीर होते, तसेच दारोदार फिरून वाटेल ते गळ्यात मारणारेही होते. बुडताना दोघे सारखेच बुडाले. छपरांवर उपकरणे राहिली, दुरुस्तीला कोणी उरले नाही. त्याच वर्षी दुरुस्तीच्या निमित्ताने व्हाइट हाउसच्या छपरावरच्या पट्ट्याही उतरवल्या गेल्या आणि परत चढल्या नाहीत.

त्यानंतर वीस वर्षे फॉर्म ५६९५ झोपला.

तो जागा झाला २००५ च्या कायद्याने. सही जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची, कारण पुन्हा तेच, महाग इंधन. २००६ पासून घरसुधारणेच्या खर्चाच्या १० टक्के, तेही आयुष्यभरात मिळून ५०० डॉलरच. १९७८ चे ३०० डॉलर महागाई धरता २००५ च्या सुमारे ९०० डॉलरइतके होते. म्हणजे जागी झालेली सवलत जुनीच्या जेमतेम निम्मी. २००७ नंतर ती संपली, २००८ मध्ये नव्हती. २००९ मध्ये मंदीशी झुंजताना ती ३० टक्के आणि १५०० डॉलर झाली. या उदारतेत तपासणी ढिली पडली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी तपासणीत दिसले, की दावे करणाऱ्यांत तुरुंगातील कैदी आणि अल्पवयीन मुलेही आहेत. ज्यांच्या नावावर घर असल्याची नोंदच नाही, असे दावेदार तर कितीतरी. घरात शिरून भिंत पाहणारा कोणी नसतो, अर्जावरच्या आकड्यावर विश्वास ठेवावा लागतो, हा या पद्धतीचा जन्मजात दोष.

२०११ मध्ये पुन्हा १० टक्के, पुन्हा ५०० डॉलर. पुढचे दशक या अर्जाच्या इतिहासातले सर्वांत विचित्र. सवलत संपायची, आणि संपल्यावर काँग्रेस ती मागील तारखेपासून वाढवायची. २०१७ या वर्षाची सवलत मंजूर झाली फेब्रुवारी २०१८ मध्ये. २०१८ ची तर डिसेंबर २०१९ मध्ये! १९७७ ची मागील तारीख आणि ही मागील तारीख यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कार्टर यांनी तारीख आधी सांगितली होती. लोकांनी त्या भरवशावर काम केले. येथे २०१८ मध्ये खिडकी बदलणाऱ्याला सवलत मिळेल की नाही हे त्या वर्षी कोणीच सांगू शकत नव्हते. जिच्याविषयी माहितीच नाही ती सवलत कोणाला कामाला कशी लावणार? तो निर्णयानंतर मिळालेला बक्षीसवजा परतावा होता, आणि तो कोणाला मिळाला हेही ठाऊक आहे. सेव्हरिन बोरनस्टीन आणि लुकास डेव्हिस यांच्या अभ्यासानुसार २००६ ते २०१२ या काळात अशा स्वच्छ-ऊर्जा सवलतींपैकी सुमारे ६० टक्के रक्कम सर्वाधिक उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाकडे गेली, आणि खालच्या ६० टक्के लोकांकडे अवघी १० टक्के.

१६ ऑगस्ट २०२२ रोजी जो बायडन यांनी सही केलेल्या कायद्याने सवलतीला तिच्या इतिहासातले सर्वांत मोठे रूप दिले. ३० टक्के, दरवर्षी १२०० डॉलरपर्यंत, आणि हीट पंपासाठी वेगळे २००० डॉलर. आयुष्यभराची मर्यादा गेली. या वर्षी खिडक्या, पुढच्या वर्षी छप्पर, असे टप्प्याटप्प्याने काम करता येऊ लागले. मुदत २०३२ पर्यंत. घरासारख्या सावकाश बदलणाऱ्या वस्तूला दहा वर्षांचा भरवसा प्रथमच मिळाला होता.

तो तीन वर्षेही टिकला नाही. ४ जुलै २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने घरसुधारणेची आणि घरगुती सौरऊर्जेची, अशा दोन्ही सवलतींची मुदत ३१ डिसेंबर २०२५ वर आणून ठेवली. बरोबर चाळीस वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, पहिली सवलत संपली होती.

व्हाइट हाउसवरून उतरवलेल्या पट्ट्या सरकारी गोदामात पडून होत्या. १९९१ मध्ये मेन राज्यातील युनिटी कॉलेजने त्या मागून नेल्या आणि त्यांतील काही आपल्या उपाहारगृहाच्या छपरावर बसवल्या. तेथे त्यांनी अनेक वर्षे पाणी तापवले. आज एक पट्टी वॉशिंग्टनमधील अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, एक अटलांटातील कार्टर ग्रंथालयात आणि एक चीनमध्ये, देझोऊ शहरातील सौर संग्रहालयात.